हुकमाची वाट पाहणारी पेशी

इ. स. १९०८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ज्या दोन पुरुषांना विभागून देण्यात आले, त्यांची मते परस्परांशी इतकी विसंगत होती की, एकाचे म्हणणे खरे मानले तर दुसऱ्याचे खोटे ठरावे, अशी त्या काळच्या बहुतेक वैद्यकपंडितांची समजूत होती. पॉल एर्लिख हे जर्मन. रोगापासून शरीराचे रक्षण रक्तरसात विरघळलेली द्रव्ये करतात, या पक्षाचे ते धुरीण. इल्या मेच्निकॉफ हे जन्माने रशियन आणि वास्तव्याने पॅरिसचे. रक्षणाचे काम जिवंत पेशी करतात, त्या जंतूंना गिळतात आणि पचवितात, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा हेका. परीक्षकांनी वादाचा निकाल लावण्याऐवजी तो दोघांच्याही नावे दप्तरदाखल करून टाकला, असे म्हणावयास हरकत नाही. योगायोग असा की, ज्या मेसिना शहरात मेच्निकॉफना आपली मूळ कल्पना सुचली, ते शहर त्याच वर्षाच्या २८ डिसेंबरला भूकंपाने जमीनदोस्त झाले.

ही हकीकत त्या वादाची आहे खरी. परंतु त्याहून अधिक ती वादी आणि प्रतिवादी या दोघांच्याही नजरेतून निसटलेल्या एका गोष्टीची आहे. भक्षक पेशी जंतूला गिळते, हे मेच्निकॉफनी दाखविले. पण गिळलेला जंतू ती मारीलच, असे नाही. क्षयाचा, महारोगाचा, काळ्या आजाराचा जंतू तर तिच्या पोटातच बिऱ्हाड करून राहतो. किल्ल्यावर शिबंदी असावी, तिच्या हाती शस्त्रेही असावीत, पण वरून हुकूम आल्यावाचून तिने शस्त्र उपसू नये, तशी काहीशी या पेशीची स्थिती असते. हा हुकूम कोण सोडतो, कोणत्या रूपाने सोडतो आणि तो चुकीच्या वेळी सुटला तर काय अनर्थ ओढवतो, हे उलगडण्यास मेसिनात ती कल्पना सुचली त्या दिवसापासून शंभर वर्षे लोटावी लागली.

मेच्निकॉफ हे वैद्य नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १८४५ मध्ये खारकॉव्ह प्रांतात त्यांचा जन्म झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत उरकला, आणि समुद्रातील क्षुद्र प्राण्यांच्या गर्भवाढीचा अभ्यास हाच पुढे त्यांचा व्यवसाय झाला. चपट्या कृमींच्या शरीरातील पेशी अन्नाचे कण स्वतःच्या आत घेऊन पचवितात, हे त्यांनी विशीतच पाहिले होते. स्वभावाने ते कमालीचे हळवे आणि टोकाचे. पहिली पत्नी क्षयाने गेली, तेव्हा त्यांनी अफूचे सत्त्व घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढे दुसरी पत्नी ओल्गा ही विषमज्वराने आजारी पडून उठल्यावर, खचलेल्या मनाने त्यांनी स्वतःला उलटणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त टोचून घेतले आणि त्यातूनही ते वाचले. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाल्यावर रशियातील विद्यापीठांवर सरकारी जरब बसली, ते शिकवीत त्या ओडेसाच्या विद्यापीठातील अध्यापकवर्गात तट पडले, आणि या कटकटींना विटून १८८२ मध्ये त्यांनी प्राध्यापकीचा राजीनामा दिला व बायको आणि तिची लहान भावंडे यांना घेऊन ते सिसिली बेटावर मेसिनाच्या सामुद्रधुनीकाठी जाऊन राहिले. तेथल्या पाण्यात त्यांना हवे ते प्राणी विपुल मिळत असत.

एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहावयास गेली होती आणि मेच्निकॉफ सूक्ष्मदर्शकाशी एकटेच बसले होते. समोर ताऱ्यासारख्या आकाराच्या समुद्रजीवाचे, म्हणजे तारामाशाचे, पिल्लू होते; ते काचेसारखे पारदर्शक असते, त्यामुळे त्याच्या अंगात हिंडणाऱ्या पेशी बाहेरून स्पष्ट दिसतात. त्या पाहत असता त्यांच्या मनात आले की, अन्न पचविणाऱ्या या पेशी परकीय आक्रमणापासून प्राण्याचे रक्षणही करीत असतील काय? तसे असेल, तर या पिल्लाच्या अंगात काही टोचताच त्या तेथे धावून आल्या पाहिजेत. माणसाच्या बोटात कुसळ गेले म्हणजे भोवती पू जमतो, त्याचा अर्थही मग लागेल. घराला छोटीशी बाग होती. काही दिवसांपूर्वीच तेथील संत्र्याच्या जातीच्या एका झाडाला सजवून मुलांसाठी नाताळचे झाड केलेले होते. त्याच बागेतील गुलाबाचे काही काटे त्यांनी मोडून आणले आणि त्या पारदर्शक पिल्लांच्या कातडीखाली सरकविले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे उठून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला.

या प्रयोगाचे महत्त्व काट्यात नव्हते. ते रक्तवाहिन्यांच्या अभावात होते. कोनहाइमने १८६७ मध्ये दाखविल्यापासून दाह म्हणजे रक्तवाहिन्यांची विकृती, असे वैद्यक मानीत आले होते. श्वेतपेशी वाहिनीच्या भिंतीतून निसटून बाहेर येतात, त्या जंतूंना अंगभर वाहून नेत असतील, म्हणजे त्या उपकारक नव्हेत, उलट घातकच, असाही समज होता. आणि येथे तर ज्याला रक्तवाहिनी नाही, मज्जासंस्था म्हणण्यासारखी नाही, अशा पिल्लातही पेशी आपण होऊन चालून आल्या होत्या! पेशीविकृतिशास्त्राचा जनक रुडॉल्फ फिर्शो त्या सुमारास मेसिनास आला होता; त्याने हे सर्व पाहिले, उत्तेजनही दिले, पण जपून लिहा, असा सल्ला दिला. व्हिएन्नाचे प्राध्यापक क्लाउस यांनी या पेशींना ‘भक्षक पेशी’ या अर्थाचे नाव सुचविले, आणि १८८३ मध्ये हा सिद्धान्त छापून निघाला.

काट्याने शंका निर्माण केली. तिचे प्रमाण दिले ते पाण्यातील पिसवेने. डबक्यात उड्या मारणारा हा डॅफ्निया नावाचा इवलासा जीवही पारदर्शक असतो, आणि त्याला एका किण्वासारख्या वनस्पतीचा रोग होतो. त्या वनस्पतीचे बीजाणू सुईसारखे टोकदार; ते अन्नाबरोबर पोटात जातात आणि आतड्याची भिंत भेदून शरीराच्या पोकळीत शिरतात. भिंतीतून नुकतेच टोक बाहेर आलेल्या सुईला श्वेतपेशी बिलगतात, तिला झाकून टाकतात, आणि मग ती सुई पिवळी पडून, खडबडीत होऊन, अखेर तपकिरी कणांचा चुरा होते, हे मेच्निकॉफनी एकेका जीवात तासचे तास पाहिले. पेशी पुऱ्या पडल्या तर पिसू जगते. एखादा बीजाणू निसटून त्याला कोंब फुटले, तर उलट पेशीच विरघळतात आणि पिसू मरते. रोग म्हणजे दोन जीवांमधला झगडा, आणि तो डोळ्यांनी पाहता येतो, हे १८८४ मधील त्यांचे या विषयावरील टिपण वाचल्यावर नाकारणे कठीण होते. माझ्या मते मेच्निकॉफच्या समग्र लेखनातील सर्वोत्तम काम हेच. काट्याची गोष्ट मनोहर आहे म्हणून ती सांगितली जाते, इतकेच.

पुढे पाश्चरने त्यांना पॅरिसला बोलावून घेतले आणि १८८८ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, ते पाश्चर संस्थेतच राहिले. भक्षक पेशींचे त्यांनी दोन वर्ग केले: लहान आणि चपळ त्या एका बाजूस, मोठ्या आणि दीर्घायुषी त्या मॅक्रोफेज. पण याच काळात बर्लिनहून तोफा सुरू झाल्या. १८९० मध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी दाखविले की, धनुर्वाताचे विष सोसलेल्या प्राण्याचा नुसता रक्तरस दुसऱ्या प्राण्यास टोचला तरी तो वाचतो. पेशींची गरजच नाही. १८९४ मध्ये फायफरने कॉलऱ्याचे जंतू लसवलेल्या गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत कोणत्याही पेशीच्या मदतीवाचून विरघळताना दाखविले. १८७० च्या फ्रान्स-जर्मनी युद्धाच्या जखमा दोन्ही राष्ट्रांत ओल्याच होत्या, आणि शास्त्रीय वादाला राष्ट्राभिमानाची धार चढली. मेच्निकॉफ वाद घालण्यात मागे सरणारे नव्हते. परंतु रक्तरसवाल्यांच्या हाती औषध होते, घटसर्पाने गुदमरणारी मुले त्याने वाचत होती, आणि औषधापुढे सिद्धान्ताचे काय चालणार?

मेच्निकॉफच्या हातून ओडेसात तयार झालेला एक विद्यार्थी या सुमारास मुंबईस येऊन पोहोचला, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते, पण त्या गुरुशिष्यसंबंधाची आठवण सहसा कोणी काढीत नाही. वाल्डेमार हाफकिन हा तो विद्यार्थी. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी विभागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले, आणि पुढच्याच महिन्यात हाफकिन कलकत्त्याहून येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत आणि पडवीत कामास लागले. रश्श्यात वाढविलेले व उष्णतेने मारलेले प्लेगचे जंतू हीच त्यांची लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. टोचलेल्यांत रोग कमी, न टोचलेल्यांत अधिक, एवढे सरकारी कागदांवर उतरले. शरीरात नेमके कोणी काय केले, हा गुरूचा प्रश्न मात्र भायखळ्यास अनुत्तरितच राहिला. त्याच्या उत्तराचा एक तुकडा १९५९ मध्ये हाती आला. पिसवेच्या दंशातून शिरलेले प्लेगचे जंतू लहान भक्षक पेशींनी गिळले तर बहुधा मरतात, पण मोठ्या पेशींनी गिळले तर त्यांच्या पोटात जगतात, वाढतात, आणि बाहेर पडतात ते अंगावर असे कवच चढवून की पुन्हा कोणी त्यांना गिळू शकत नाही. ज्या मॅक्रोफेजला मेच्निकॉफनी रक्षक ठरविले, तीच प्लेगच्या पहिल्या घटकांत शत्रूची धर्मशाळा होते!

  

मेच्निकॉफच्या पश्चात पन्नास वर्षे पेशींच्या बाजूला फारसा कोणी वाली राहिला नाही. रक्तरसातील प्रतिद्रव्यांची रासायनिक मोजदाद करता येत होती. पेशींचे मात्र वर्णन करावे आणि थांबावे, अशी स्थिती होती. तरीही एक काटा सलत राहिला होता, आणि तो क्षयाचा. क्षयरोग्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये सापडत, पण त्यांनी रोग हटत नसे. फिलाडेल्फियात मॅक्स लुरी यांनी १९४२ मध्ये केलेला एक प्रयोग या दिशेने बोलका आहे. त्यांनी क्षयाचे जंतू गिळलेल्या भक्षक पेशी घेतल्या, काही साध्या सशांच्या आणि काही लसवलेल्या सशांच्या, आणि त्या निरोगी सशांच्या डोळ्यांच्या पुढच्या पोकळीत सोडल्या. साध्या सशांच्या पेशींत जंतू मनसोक्त वाढले. लसवलेल्यांच्या पेशींत त्यांची वाढ रोखली गेली. डोळा तसाच, जंतूही तेच. बदलली होती ती पेशी. पण तिला कोणी बदलले?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचे श्रेय जॉर्ज मॅकॅनेस या ऑस्ट्रेलियन संशोधकास आहे, आणि मला वाटते, त्याच्या योग्यतेच्या मानाने त्याचे नाव फारच थोड्यांच्या ओठी आहे. त्याने क्षयाचा मंदगती जंतू बाजूस ठेवला आणि लिस्टेरिया हा झपाट्याने वाढणारा जंतू उंदरांत सोडला. पद्धत सोपी होती: रोज काही उंदीर मारावयाचे, त्यांची प्लीहा व यकृत वाटून तो रस पोषक थरावर पसरावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजावयाचे, जितके ठिपके तितके जिवंत जंतू. पहिले तीन दिवस आकडा चढत जाई. चौथ्या दिवशी तो एकाएकी कोसळे, आणि नेमक्या त्याच दिवसापासून उंदराच्या तळपायात जंतूचा अर्क टोचला तर तेथे सूज येऊ लागे. बरे झालेल्या उंदराचा रक्तरस दुसऱ्यास टोचून काही उपयोग होत नसे. बर्लिनचा जुना उपाय येथे निकामी होता. मात्र त्या उंदराच्या मॅक्रोफेज काढून पाहाव्यात तर त्या लिस्टेरियाला गिळून ठार मारीत. १९६२ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत जे निष्पन्न झाले ते अधिक चमत्कारिक. लिस्टेरियातून उठलेला उंदीर काही काळ अगदी वेगळ्या जंतूंनाही दाद देत नसे. म्हणजे चवताळलेली पेशी समोर येईल त्याला मारीत होती, तिला ओळखपाळख नव्हती. परंतु तो जोर ओसरल्यावर तो पुन्हा जागवावयाचा तर पहिलाच जंतू पुन्हा यावा लागे. ओळख एकाकडे आणि मार दुसऱ्याकडे, असा हा बंदोबस्त होता. ओळख कोणाची, हे मॅकॅनेसने १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सारनॅक लेक येथे, ट्रूडो यांच्या जुन्या क्षय-आरोग्यधामातून पुढे आलेल्या संस्थेत, लसवलेल्या उंदराच्या लसिकापेशी, म्हणजे लिम्फोसाइट, दुसऱ्या उंदरास देऊन सिद्ध केले. लसिकापेशी शत्रू ओळखते आणि हुकूम सोडते; मॅक्रोफेज तो बजावते. एर्लिख आणि मेच्निकॉफ यांच्या पक्षांना जो सांधा कधी सापडला नाही तो हा, आणि तो सापडल्यावर वादाचे मूळच नाहीसे झाले.

हुकूम कोणत्या कागदावर लिहिलेला असतो, हे शोधण्यात आणखी चौदा वर्षे गेली. उत्तेजित लसिकापेशी ज्या द्रवात वाढल्या तो द्रव मॅक्रोफेजवर ओतला की तिचा आकार वाढतो, ती पसरते आणि तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटू लागते, इतके ठाऊक होते. पण त्या द्रवात द्रव्ये असंख्य. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कार्ल नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखविले की, त्यातील गॅमा इंटरफेरॉन या एका प्रथिनाचा निरास करणारे प्रतिद्रव्य घातले, तर त्या द्रवाचा गुण नाहीसा होतो. आणि उलट, शुद्ध गॅमा इंटरफेरॉन एकटेच दिले तर मानवी मॅक्रोफेज जंतू मारू लागते. पुढे लेप्रोमॅटस महारोगाच्या रोग्यांच्या त्वचेत तेच टोचल्यावर तेथील जंतू घटले. आणि १९९६ मध्ये माल्टा बेटावरील एका खेड्यातल्या, साध्या मातीपाण्यातील क्षयवर्गीय जंतूंनी ग्रासलेल्या मुलांत असा जन्मजात दोष आढळला की, गॅमा इंटरफेरॉनचा ग्राहकच त्यांच्या पेशींवर तयार होत नव्हता. हुकूम सुटत होता, पण तो वाचणारे कोणी नव्हते. मेसिनाच्या काट्यापेक्षाही कठोर असा हा निसर्गाचा प्रयोग होता, आणि तो मुलांवर झालेला होता.

हुकूम न मिळाल्यास जंतू काय करतो, हे तोवर लंडनमध्ये दिसून आलेच होते. १९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि हार्ट यांनी दाखविले की, क्षयाचा जंतू ज्या पिशवीत गिळला जातो तिच्याशी पेशीतील पाचक रसांच्या पिशव्यांचा मिलाफ तो होऊ देत नाही. म्हणजे तो पोटात असतो, पण पचत नाही. पेशी चेतविली की हा अडथळा बराचसा मोडतो. मात्र क्षयाचे सगळेच जंतू त्यामुळे मरत नाहीत. भक्षक पेशींच्या गाठीमध्ये ते कोंडले जातात, कित्येकदा आयुष्यभर, आणि माणूस आपल्याला काही झालेच नाही असे समजून वावरत असतो.

ही झाली एक बाजू. दुसरी ही की, शिबंदीला नेहमी मारण्याचाच हुकूम मिळतो असे नव्हे. ऑक्सफर्ड येथे सायमन गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये आढळले की, इंटरल्युकिन-४ या निराळ्या द्रव्याने जागविलेली मॅक्रोफेज निराळीच वागते; ती परोपजीवी कृमी आणि जखमा भरून येणे या प्रकरणांत गुंतलेली दिसते. यावरून दोन ठरीव जाती पाडण्याची प्रथा पुढे रूढ झाली. पण शरीरातील पेशी इतकी आज्ञाधारक नाही, ती एकाच वेळी अनेक द्रव्यांचे ऐकते, आणि तिच्या अवस्था दोन खणांत बसत नाहीत, हे आता जाणते लोक मान्य करतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत मेद गिळून फेसाळते ती हीच पेशी. आणि संधिवाताच्या सुजलेल्या सांध्यात ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर नावाचे दाहक द्रव्य ओतत राहते तीही हीच.

ते द्रव्य अडविले तर सांधा शांत होईल, असा तर्क लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांनी लढविला, १९९२ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब या औषधाने तो तपासला, आणि तो खरा ठरला. वर्षानुवर्षे दुखण्याने जखडलेली माणसे जिना चढू लागली. पण तेच द्रव्य क्षयाच्या गाठी बंदिस्त ठेवीत असते. २००१ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात या औषधानंतर क्षय उसळलेल्या सत्तर रोग्यांची नोंद होती, आणि त्यांपैकी अठ्ठेचाळीस जणांत तो तीन किंवा त्याहून कमी मात्रांतच उद्भवला होता. तेव्हापासून असे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र आणि क्षयाची चाचणी करून घेतात. हिंदुस्थानात, जेथे मोठ्या लोकसंख्येच्या छातीत हा जंतू मूकपणे वस्तीस असतो, तेथे ही तपासणी टाळणारा वैद्य आपल्या रोग्याच्या जिवाशी खेळतो. वाचकांपैकी कोणास संधिवातासाठी हे औषध सुचविले गेले, तर ही तपासणी झाली की नाही, एवढे त्याने आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावे.